राजीनाम्याचा कित्ता

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी सहा वर्षांची होते. काम घरचंच होतं: धाकट्या भावाला दिवसभर कडेवर घेऊन फिरणं. पगार नव्हता, रजा नव्हती, आणि बढती म्हणजे आणखी एक भाऊ. तीही मला आठव्या वर्षी मिळाली. आई-बाप मेहकरला पैनगंगेच्या काठी दुसऱ्याच्या मळ्यात राबायचे. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. अंधारात जायचे, अंधारात यायचे. बाजारात जी वांगी कोणी घेत नसे ती आमच्या चुलीवर चढत. वांग्यात अळी असतेच, अशी माझी कॉलेजात जाईपर्यंत प्रामाणिक समजूत होती.

पुढे मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी सही केली नव्हती, सगळा कारभार अंगठ्यावर. हे मी मिरवण्यासाठीच सांगते आहे. ज्यांच्या घरी तीन पिढ्या वकील आहेत त्यांनी नम्र व्हावं, त्यांना ते परवडतं. पण ही हकिगत माझी नाही. मथुराबाई मास्तरणींची आहे.

माझ्या मायला ‘घर आणि काम दोन्ही कसं गं जमवतेस?’ असं कोणी कधी विचारलं नाही. मळ्यात राबणाऱ्या बाईला घर असतं हे गावाला ठाऊक नसावं. हा प्रश्न गावाने एकाच बाईसाठी राखून ठेवला होता, कारण तिच्या कामाला खुर्ची होती.

ती खुर्ची मुलींच्या मराठी शाळेत होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, हुकूम नागपूरहून सुटायचे आणि मेहकरला पोचेपर्यंत दमून जायचे. असाच एक दमलेला हुकूम आला की गावात मुलींची शाळा असावी. शाळा कमिटीने जागा शोध शोध शोधली. गावात गुरांना गोठे होते, धान्याला कोठारं होती, मुलींसाठी मात्र छप्पर सापडेना. शेवटी मथुराबाईंनी स्वतःच्या घराची पुढची पडवी मोकळी करून दिली. कमिटीने त्यांचे जाहीर आभार मानले आणि पुन्हा जागेचं नाव काढलं नाही. तेव्हापासून शाळा बाईंच्या घरात होती की बाईंचं घर शाळेत, हे खुद्द बाईंनाही सांगता आलं नसतं.

बाई उंचीने बेताच्या, आवाजाने मोठ्या. उजव्या हाताला पीठ, डाव्या हाताला खडू. घरात घड्याळ नव्हतं; तासिका डाळीवर चालायच्या. डाळ चुलीवर चढली की पाढे. डाळीला उकळी आली की उजळणी बंद, पाटी काढा. डाळ शिजली की गणित संपलं. तुरीची डाळ जुनी असली तर ती शिजायला वेळ घ्यायची, आणि आम्हाला त्रैराशिक जास्त यायचं. आमच्या वर्गाचं गणित पक्कं झालं ते त्या एका वर्षीच्या वाईट डाळीमुळे, असं माझं मत आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हे कुठे दिलेलं नाही.

भाकरी थापतानाही शाळा बंद नसे. आम्ही पाट्या घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी रांगेत उभ्या. बाई तव्यावरची भाकर उलटायच्या, पाटीकडे बघायच्या, आणि पिठाच्या बोटानेच चुकीवर रेघ मारायच्या. कधी घाईत उलटं व्हायचं. एकदा आबाजी, म्हणजे बाईंचे मालक, जेवता जेवता थांबले.

“आज भाकर कचकचून राह्यली.”

“खडू असन,” बाई म्हणाल्या. “खा. हाडं मजबूत होतात.”

कोणी काही तक्रार घेऊन आलं की बाईंचं एकच उत्तर ठरलेलं. सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “बरं. मंग पुढं?” शेजारीण सांगायची, तुमचा मधला पोरगा गल्लीत नागडा फिरून राह्यला. “बरं. मंग पुढं?” कमिटीचे सेक्रेटरीसाहेब सांगायचे, बाईमाणसाने एक तर चूल सांभाळावी नाही तर शाळा. “बरं. मंग पुढं?” या प्रश्नाला पुढचं उत्तर कोणापाशीच नसे. सेक्रेटरीसाहेब तर छत्री उघडून, ऊन नसताना, निघून जायचे.

मी त्या शाळेत कशी गेले ते सांगते. बाई बाजारात आमच्या मायपाशी वांगी घेत होत्या. वांगी दाबून बघत बघत म्हणाल्या, “पोरीले शाळेत काऊन नाही धाडत वं?”

“मंग लेकरं कोन पाह्यन, बाई?”

“लेकरं बी धाड.”

“शाळेत?”

“शाळेत काय वाघ बसला हाये?”

माय हसली. असा सल्ला तिला आजवर कोणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दोन भावांसकट शाळेत दाखल झाले. तिथे बघते तर निम्म्या मुलींच्या कडेवर कोणी ना कोणी होतंच. बाईंनी हा शोध फार आधी लावला होता: मुली शाळेत येत नाहीत याचं कारण मुलींना शिकायचं नाही हे नव्हे, कारण त्यांच्या कडेवर होतं. ते कारणच शाळेत आणून बसवलं की झालं. पडवीच्या आढ्याला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या टांगलेल्या. पाळीपाळीने एकीने दोरी ओढायची आणि तोंडाने पाढे म्हणायचे. तेराचा पाढा झोप आणण्यात फार गुणकारी होता, लेकरांना आणि आम्हालाही.

आता आबाजी. ते तहसिलीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. अक्षर असं की मोत्यांनी मान खाली घालावी. तालुक्यातली अर्धी भांडणं त्यांच्या अक्षरात होती. माणूस वाईट नव्हता. फक्त लोकांचं ऐकायचा. लिंबाखाली कोणी तरी मुद्दाम विचारायचंच, “काय आबाजी, आज स्वयंपाक कोनं केला? शाळेनं का सरकारनं?” सगळे हसायचे. आबाजी संध्याकाळी घरी यायचे, दौत उघडायचे आणि बाईंच्या नावाने राजीनामा लिहायचे.

“घ्या. सही करा.”

बाई कागद हातात घ्यायच्या, दिव्यापाशी धरून वाचायच्या. “गृहकृत्याच्या जबाबदारीमुळे शाळेच्या कामास न्याय देणे शक्य होत नसल्याने, अर्जदार नम्रतापूर्वक...” वाचून झालं की म्हणायच्या, “काय सुंदर अक्षर हाये तुमचं! ठेवा इथं.”

असे राजीनामे साठत गेले. आबाजींना वाटायचं, बाई विचार करताहेत. बाई खरंच विचार करत होत्या. शाळेत कागदाची टंचाई होती, आणि सरकारी कित्ते आले होते ते कोणा मुंबईच्या माणसाच्या किरट्या अक्षरातले. बाईंनी एक राजीनामा भिंतीला चिकटवला आणि तिसरीला सांगितलं, “हे अक्षर गिरवा. असंच आलं पाह्यजे.” बाकीच्या राजीनाम्यांच्या पाठकोऱ्या बाजू आम्हाला लिहायला दिल्या. अशा रीतीने राजीनाम्याच्या पुढच्या बाजूला आबाजी बाईंना घरी बसवत होते आणि मागच्या बाजूला आम्ही शाळा शिकत होतो. ‘गृहकृत्याच्या जबाबदारीमुळे’ हे मला आजही झोपेतून उठवलं तरी एका दमात लिहिता येतं.

घरात चौथं लेकरू झालं, गोपाळ. आबाजींची आई, जिला सगळी गल्ली मोठी माय म्हणायची, ती मागच्या ओसरीवर बसलेली असे. तिचे हात थरथरायचे, म्हणून लेकरू तिच्याकडे कोणी देत नसे. सल्ले मात्र तिचे अजिबात थरथरत नसत. आणि आबाजींनी लेकराला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे तेव्हा रीत होती, वडीलधाऱ्यांच्या देखत बापाने स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. भावाचं उचला, शेजाऱ्याचं उचला, वासरू उचला. स्वतःचं उचललं की निर्लज्ज. मोठी माय तर ओसरीवरून हलायचीच नाही. म्हणजे चार लेकरांच्या बापाने एकालाही कधी कडेवर घेतलं नव्हतं, आणि त्याबद्दल गावात त्यांना फार मर्यादशील समजत. गोपाळ रांगत जवळ आला की आबाजी उठून तहसिलीत जायचे. तहसिलीत त्यांची हजेरी उत्तम होती.

शाळेची हजेरी मात्र आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांना पटली नव्हती. ते नेमके मिरच्या तोडायच्या दिवसांत आले. निम्म्या मुली रानात. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की पुढच्या तपासणीला पंचवीस मुली हजर नसतील तर ही शाळा बंद करावी. बंद म्हणजे बाईंची नोकरी गेली आणि आम्ही पुन्हा आमच्या जुन्या नोकरीवर. हा शेरा बाईंनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. “बरं,” म्हणाल्या, पण पुढचं म्हणाल्या नाहीत. तेवढी एकच वेळ.

वर्षभर बाई घरोघर फिरल्या. पटावर अडतीस मुली झाल्या. तपासणीला या वेळी इन्स्पेक्टरीणबाई येणार असं कळलं, त्याही पुण्याकडच्या. सेक्रेटरीसाहेबांची झोप उडाली. शाळा बघायला ते वर्षात पहिल्यांदा आले आणि झोळ्या बघून म्हणाले, “मथुराबाई, ही शाळा आहे का बाळंतिणीची खोली? बाहेरच्या बाई काय म्हणतील?”

बाई नेहमीचं बोलल्या. पण या वेळी सेक्रेटरीसाहेबांकडे पुढचं तयार होतं. त्यांनी बाईंना न विचारता संध्याकाळी गावात दवंडी दिली: उद्या मुलींच्या शाळेची तपासणी आहे, कोणीही लेकरू शाळेत आणू नये, हुकुमावरून!

आमच्या गावात लोक दवंडी फार मानायचे. दुसऱ्या दिवशी एकही लेकरू शाळेत गेलं नाही. आणि लेकरू घरी राहिलं म्हणजे त्याला सांभाळणारी घरी राहिलीच. इन्स्पेक्टरीणबाई बैलांच्या दमणीतून उतरल्या, पडवी शेणाने सारवलेली, झोळ्या काढलेल्या, रांगोळी घातलेली, सेक्रेटरीसाहेब फेट्यात. वर्गात मुली तीन. त्यांतली एक सेक्रेटरीसाहेबांची पुतणी. शाळा इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

हे मी पुढे बाईंकडून ऐकलं, कारण मी तेव्हा घरीच होते, एक भाऊ कडेवर आणि एक पायाशी. तेवढ्यात आबाजी गल्लीत पळत आले. पळताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. धोतर एका हातात, टोपी दुसऱ्या.

“चाल वं पोरी, शाळेत चाल! लवकर!”

“दवंडी झाली नं, लेकरं आनू नका म्हनून.”

“ते दवंडी गेली खड्ड्यात! लेकरं घे अन् चाल. हा मोठा माह्याजवळ दे.”

त्यांनी माझ्या भावाला उचललं, उलटा. पाय वर, डोकं खाली. मी तो सुलटा करून दिला. शेजारच्या ओट्यावर रहिमतबी पिंजारीण कापूस पिंजत होती. तिने काम थांबवलं.

“अरे आबाजीभाऊ, अपने चार हुए, एक कू बी कभी हात नै लगाया. अन् आज पराया कंधे पे?”

“टोमने मंग मारजो, रहिमतबी! तुही नात कुठी हाये?”

“छोटे कू लेके अंदर बैठी है. दवंडी थी ना.”

“दोघायले धाड! माह्यी बायको तिथं तीन पोरींपुढं उभी हाये!”

रहिमतबीने आधी नातीला हाक मारली आणि मग उरलेलं हसू पुरं केलं. आबाजींनी तशीच गल्लीमागून गल्ली पालथी घातली. भर बाजारातून ते गेले तेव्हा त्यांच्या दोन खांद्यांवर दोन लेकरं होती, एकाने टोपी ओढून तोंडात घातली होती, आणि लिंबाखालची मंडळी उभी राहून बघत होती. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकाबद्दल कोणी विचारलं नाही.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा बाई तीन मुलींना शांतपणे त्रैराशिक घालत होत्या. इन्स्पेक्टरीणबाई खुर्चीवर वही चाळत बसल्या होत्या. वही तिसरीची होती.

“हे काय आहे? प्रत्येक वहीत राजीनामा?”

“कित्ता हाये, बाईसाहेब.”

“कोणाचा राजीनामा?”

“माह्याच.”

“तुम्ही राजीनामा दिलाय?”

“नाही. मालक लिहितात. अक्षर चांगलं हाये त्यायचं.”

बाईसाहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग दारात दोन लेकरं घेऊन धापा टाकणाऱ्या आबाजींकडे पाहिलं. “हेच का मालक?” एवढंच विचारलं. सेक्रेटरीसाहेबांनी छत्री उघडली. आत, छपराखाली.

पडवी भरली. झोळ्या पुन्हा टांगल्या गेल्या. बाईसाहेबांनी पट हातात घेऊन एकेकीला उभं केलं. माझं नाव घेतलं तेव्हा मी भावासकट उभी राहिले, त्याने तेवढ्यात ओकारी काढली, बाईसाहेबांनी पदर सावरला आणि खूण केली. सगळं झाल्यावर त्यांनी बेरीज केली.

“चोवीस.”

बाईसाहेबांनी पट मिटला.

“पंचवीस हव्यात. मला दिसतंय ते मला कळतंय, मथुराबाई. पण मी चोवीसचे पंचवीस करणार नाही.”

“करू बी नका,” बाई म्हणाल्या.

मागच्या अंगणातून गोपाळच्या रडण्याचा आवाज येत होता. दात येत होते त्याला, दोन दिवस कोणाच्या हाती राहत नव्हता. त्याला घेऊन सकाळपासून अंगणात फेऱ्या मारत होती बाईंची थोरली, शांता. इयत्ता चौथी. पटावर अकरावं नाव, आजचा शेरा: गैरहजर. गावभरच्या मुली शाळेत आल्या होत्या, घरची तेवढी राहिली होती.

बाईंनी आबाजींकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “मंग पुढं?”

हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला कधी विचारला नव्हता. आबाजी उभेच. पडवीतून ओसरी दिसत होती, आणि ओसरीवर मोठी माय बसली होती, थेट अंगणाच्या दारात. तिला चुकवून गोपाळपर्यंत जाता येणार नव्हतं. त्यांनी आमच्या भावाला खाली ठेवलं. रहिमतबीचा नातू खाली ठेवला. टोपी नीट केली, जशी ते तहसीलदारापुढे जाताना करत. मग चालत गेले, आईच्या समोरून, अंगणात.

“दे त्याले माह्याजवळ,” आम्ही ऐकलं. “तू जा. आत जाऊन बस.”

शांता आत आली. तिच्या खांद्यावर लाळेचा डाग होता. जागेवर बसली आणि बसल्या बसल्या रडायला लागली, ते कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. बाईसाहेबांनी पटावर अकराव्या नावापुढे खूण केली.

बाहेर गोपाळ अजून किंचाळत होता. मोठ्या मायचा आवाज आला, कडक, अजिबात न थरथरणारा:

“उचललंच हाये तं नीट धर बे. बुडाखाली हात घे. चार लेकरायचा बाप झाला अन् धराचं कसं ते ठाऊक नाही.”

शेरेबुकात बाईसाहेबांनी लिहिलं: “गोंगाट फार. गणित चांगले, अक्षर उत्कृष्ट. शाळा चालू ठेवावी. एक पाळणा पुरवावा.” पाळणा दीड वर्षाने आला, त्यावर पांढऱ्या रंगात ‘मुलींची शाळा’ असं लिहिलेलं, म्हणजे मुलांनी त्यात झोपू नये. सेक्रेटरीसाहेबांनी पाळण्याला हार घातला आणि स्त्रीशिक्षणावर भाषण केलं.

आबाजींनी त्यानंतर राजीनामा लिहिला नाही. वर्षभराने बाईंनीच आठवण दिली, “यंदा एकही नाही लिहिला? तिसरीले कागद पुरून नाही राह्यले.” आबाजींनी गोपाळला मांडीवरून उतरवलं आणि मुकाट्याने चार लिहून दिले.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी. मी अमरावतीला बी.ए. केलं, खामगावला मुलींच्या शाळेत लागले, लग्न झालं, मुलगा झाला. तो आठ महिन्यांचा असताना सासरच्या मंडळींनी मला प्रेमाने समजावलं की एवढी शिकलेली बाई घरी बसली तर घराची केवढी शोभा. मी पण दमले होते. राजीनामा लिहिला आणि शाळेत देण्याआधी मुलाला घेऊन मायला भेटायला मेहकरला आले. वाटेत बाईंचं घर लागलं.

पडवी तीच. बाईंचे केस पांढरे, डाव्या हाताला खडू. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि त्या पाट्या तपासत होत्या. पाळण्यात शांताचं लेकरू. मोठी माय गेली होती. तिच्या जागी ओसरीवर आबाजी बसले होते, मांडीवर एक नातू, खांद्यावर एक.

मी पाया पडले. “बाई, मी बी.ए. झाले.”

“बरं. मंग पुढं?”

मी राजीनामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून वाचला. मला तेव्हा कळलं की मी शब्दन् शब्द कित्ताच उतरवला होता. ‘गृहकृत्याच्या जबाबदारीमुळे.’

“अक्षर सुंदर हाये तुहं,” बाई म्हणाल्या. “कुठं शिकली?”

मग त्यांनी कागद उलटा केला, पाठकोरी बाजू वर केली, आणि समोर बसलेल्या एका मुलीला दिला. तिच्या कडेवर बहीण होती. “घे वं. शुद्धलेखन लिही.” आणि मला म्हणाल्या, “त्या लेकराले टाक पाळन्यात घडीभर. जागा हाये. डाळ उतू जाऊन राह्यली असन,” असं म्हणत अंगठ्याची दोरी माझ्या हातात देऊन आत गेल्या.

सोमवारी मी खामगावला कामावर हजर झाले. मुलगा बरोबर होता.